तीन वड्या साखर

आई माझ्या हातून रिमोट काढून घेते.
'थांब. आता.'
आणि आजी येते, कृष्णधवल,
पांढरा एप्रन, पांढरी टोपी, हातात ट्रे.
चार सेकंद.
एक्केचाळीस सिनेमांत ती मोलकरीण होती
आणि एकाही मोलकरणीला आडनाव नव्हतं.

टेबलाशी नायक. ग्रँट हॅलोवे.
ज्याच्या हनुवटीवर त्या काळी मुली जीव टाकत.
आजी कप ठेवते, साखर घालते.
'आणखी काही, साहेब?'
वर न बघता तो म्हणतो, 'नको.'

'मोजल्यास?' आई विचारते.
'संहितेत एक वडी होती, मी पानं पाहिलीयत.
युलालीने तीन घातल्या.
श्रीव्हपोर्टच्या घरी ॲम्ब्रोजला तीन लागायच्या.'

कोण ॲम्ब्रोज?

आई एसीची घरघर ऐकत बसते.
माझी आई, मार्वा थिबोडो,
जिने टीव्हीवर नऊ वर्षं न्यायाधीश होऊन
लोकांच्या तोंडून खरं वदवून घेतलं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही.
आमच्यात रंगाचंही आणलं एकाने.
एकोणिसाव्या वर्षी, आगगाडीत,
काळ्यांसाठीचा डबा सोडून
पुढच्या डब्यात जाऊन बसला आजीचा भाऊ
आणि लॉस एंजेलिसला उतरला तो ग्रँट होऊन.
छत्तीस वर्षं.
आजी म्हणायची म्हणे,
घरातला खरा नट तोच.
आम्हाला निदान रात्री घरी येऊन तोंड धुता यायचं.

तो गेला तेव्हा आई सतरा वर्षांची,
नवाकोरा परवाना, मागून आणलेली ब्यूक.
टेकडीवरच्या बंगल्याला कॅमेऱ्यांचा वेढा.
आजीने ट्रंकेतून तोच एप्रन काढला,
इस्त्री केली,
स्वयंपाकघराच्या दाराने आत गेली.
कुणी विचारलं नाही. कोण कधी विचारतं?
दोन तास त्याच्या बायकोला, मुलांना कॉफी देत राहिली.
शवपेटीजवळून ट्रे घेऊन तीनदा गेली,
चौथ्यांदा थांबली.
किती सेकंद, ते आईला माहीत नाही;
ती गाडीत होती, इंजिन चालू ठेवून.
परत आल्यावर आजी एवढंच म्हणाली,
'कपाळाला पावडर जास्त लावलीय त्यांनी.'

आणि मी परवा, पुरस्कारांच्या रात्री,
भाड्याचे हिरे घालून उभी असताना
त्याचा नातू समोर आला. निर्माता. भला माणूस.
'माझे आजोबाही याच धंद्यातले,' म्हणाला
आणि हसला.
पुढच्या दोन दातांत फट.
जी बुजवून घे म्हणून माझा एजंट
गेली दहा वर्षं माझ्यामागे लागलाय, तीच.
तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं,
फक्त जीभ आपोआप माझ्या दातांकडे गेली.
फोटो काढला आम्ही. दीड लाख लोकांना आवडलाय.

'एवढ्या वर्षांनी का सांगतेयस?'
'तो फोटो बघितला,' आई म्हणते.
'दोघं एकाच बाजूला मान कलवून उभे होतात.'
मग रिमोट माझ्या मांडीवर ठेवते.
'आता हे तुझं. ओळख द्यायची की नाही, तू ठरव.'

मी मागे नेते. पुन्हा ती चार सेकंद.
या खेपेला आजी फ्रेममधून गेल्यावरही थांबवत नाही.
त्याच्याकडे बघते.
तो दाराकडे बघत नाही. खरंच बघत नाही.
कप उचलतो, एक घोट घेतो,
भुवई हलते का? की फिल्मवरचा ओरखडा?
मग उरलेली कॉफी
तळापर्यंत पिऊन टाकतो,
उकळती असणार ती.

'हे संहितेत होतं का, आई?'

आई खुर्चीत झोपलीय.
किंवा झोपेचं करतेय.
चांगलं करते.